रुग्णाचे नाव

शरयूच्या वहीत कुत्र्याचा रकाना नाही.
दूध, गॅस, वीज, भिशी,
आणि सगळ्यात खाली, तिरक्या अक्षरात, किरकोळ.
ढब्बू त्या किरकोळात राहतो.
बावीस किलोचा.

लेकीने आणला तेव्हा ओंजळीत मावत होता.
ती लग्न होऊन नाशकाला गेली,
सासरी मांजरसुद्धा चालत नाही.
फोनवर सांगते, बाबा, त्याला ते पाकिटातलंच द्या,
तीन हजारांचं येतं, महिनाभर पुरतं.
मी हो म्हणतो.
आणि संध्याकाळी हनीफच्या दुकानाशी उभा राहतो
गिऱ्हाईक पांगेपर्यंत,
माना आणि पाय स्वस्तात सुटतात तेव्हा.
पिशवीला गाठ मारत हनीफ विचारतो, सूप का साहेब?
पहिल्या वर्षी मी सूपच म्हणायचो.

काटकसर हळूहळू हाताला लागते.
तांदळाची कणी वेगळी चाळायची, ती त्याची.
पट्टा तुटला की नवा नाही,
नाक्यावरचे खरातमामा चपलेसारखाच शिवून देतात
वीस रुपयांत, दोन टाके जास्तीचे.
नखं मी कापतो. एकदा रक्त आलं,
त्याच्यापेक्षा शरयू जास्त ओरडली.
टॅक्सीवाले त्याला बघून मान हलवतात,
तेही एका अर्थी बरंच:
काळाचौकी ते परळचं जनावरांचं इस्पितळ
चालत पंचवीस मिनिटं.
आता चाळीस.
तो मध्येच बसतो.
मीही बसतो.
लोकांना वाटतं, मी त्याच्यासाठी थांबलोय.

दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली,
बराच वेळ ऐकत राहिल्या.
मग चिठ्ठी लिहिली.
मी ती जवळ धरून वाचली, लांब धरून वाचली,
म्हटलं, मॅडम, ही तर माझीच गोळी.
त्या हसल्या. चालते हो, याला चालते.
जेनेरिकवाल्याकडे घ्या, निम्म्यात पडेल.
तुम्ही एक घेता ना? त्याला अर्धी.

तेव्हापासून सकाळी साडेसातला
पाटावर ब्लेड.
एकदा अर्धी उडाली, कपाटाखाली गेली.
आडवा पडून पट्टीने शोधत होतो,
तर तो येऊन शेजारी आडवा पडला.
दीड रुपयाचा तुकडा.
सापडला.

काल दुकानात नवी मुलगी होती.
बिल करताना म्हणाली, रुग्णाचे नाव?
ढब्बू.
आडनाव?
पेडणेकर, म्हटलं मी, जरा अडखळून.
लेकीने बदललं तेव्हापासून
या आडनावाचे घरात दोघंच उरलो होतो.
वय?
नऊ.
तिने मान वर केली.
पायरीवर ढब्बू धापा टाकत बसलेला.
त्याच्याकडे बघत तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
म्हणजे आपल्यात साठीच्या पुढे ना, काका?
ज्येष्ठांना दहा टक्के सूट आहे.

मला ती मिळत नाही.
मला अजून दोन वर्षं आहेत.

सहा रुपये सुटले,
आणि वरच्या पैशांऐवजी आल्याची एक गोळी.
पाचाचा ग्लुकोजचा पुडा घेतला.
डॉक्टरीणबाईंनी त्याला बिस्किटं बंद सांगितलीत,
माझ्या डॉक्टरांनी मला.
पुलाखाली बसून खाल्ला,
तीन त्याला, दोन मला.

घरी बिल दिलं.
शरयूने चष्मा लावला,
रुग्णाच्या नावाशी जरा थांबली.
वही काढली.
किरकोळच्या वर एक ओळ मोकळी होती,
तिथे पेन टेकवून बसली बराच वेळ.
ढब्बूच्या मिशांवर अजून चुरा होता.

मग न बघताच म्हणाली,
सूट सहा रुपयांची दिसतेय.
ते कुठायत?